सुमनची संध्याकाळची गोळी

सुमन ओल्या चादरींच्या ट्रॉलीवर पालथी पडली आणि उठेना. मी तिला उताणी केली. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ निळसर, आणि श्वास घेताना गळ्याच्या शिरा ताणल्या जात होत्या. तिने माझा हात धरून आपल्या डाव्या बरगडीखाली ठेवला. पोट तिथे दगडासारखं कडक लागलं. अडीच महिन्यांपूर्वी तिथे मऊ होतं. मला ठाऊक होतं, कारण तेव्हाही तिने असाच हात धरून दाखवलं होतं.

“सोनाक्का,” ती म्हणाली, “कुनाला सांगू नगं.”

तिची त्या दिवसाची संध्याकाळची गोळी माझ्या कमरेच्या पिशवीत होती. सकाळची माझ्या पोटात गेली होती.

लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या लाँड्रीत हे झालं, नाताळच्या सुट्ट्यांत, भर दुपारी. चार मशीन एकदम फिरत होती, त्यामुळे माझी पहिली हाक कुणाला ऐकू गेली नाही. दुसऱ्या हाकेला सुपरवायझर आला. त्याने आधी चादरींकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग गाडी मागवली. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायची गाडी होती ती. मागच्या सीटवर मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही तळेगावच्या मोठ्या दवाखान्याकडे निघालो.  

सुमन कोण होती ते आधी सांगते.

सुमन ओव्हाळ आमच्याच वडिवळ्याची. आमची घरं गावात, त्यांची बौद्ध वस्ती धरणाच्या अंगाला. ती सून होऊन आली त्या सालापासून आमच्या भातलावणीला येत होती. माझी सासू तिला ओट्याच्या पायरीवर चढू देत नसे. चहा द्यायची तो वेगळ्या कपात, आणि तो कप सुमनने स्वतःच विसळून बाहेरच्या कोनाड्यात ठेवायचा. सासू असेपर्यंत मी काही बोलले नाही. सासू गेल्यावर एक दिवस म्हटलं, “ये आत.”

ती म्हणाली, “आता कशापायी? आता मला भाईरची सवय झालीया. हितं हवा लागती.” आणि बाहेरच उभी राहून चहा प्यायली. मला ते लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती.

पुढे माझा नवरा गेला, शेतीच्या वाटण्या झाल्या, आणि उतारवयात मला लाँड्रीतलं काम धरावं लागलं. ते काम मला सुमननेच लावून दिलं. ती तिथे माझ्या आधीपासून होती. कामशेतपर्यंत टमटम आणि पुढे लोणावळ्याची गाडी, असं आम्ही बारा वर्षं बरोबर गेलो-आलो. डबाही एकच झाला. माझी भाजी आणि तिची भाकरी, कारण भाकरी मला तिच्यासारखी कधी जमली नाही.

मोठी चादर दोघींनी मिळून घडी करायची असते. दोन कोपरे एकीच्या हातात, दोन दुसरीच्या. सुमन चादर अशी झटकायची की समोरच्या बाईच्या हातातून कोपरे सुटायचे. सुटले की ती म्हणायची, “जागी हो.” नव्या बाईला ती दिवसातून पन्नास वेळा जागी करायची. एकदा एक नवी बाई रडायला लागली. सुमन म्हणाली, “रडून घी, पन कोपरं सोडू नगं.”

तिला बसता यायचं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, त्याचा फार त्रास व्हायचा. आपण जेवायला टेकलो की ही डबा हातात घेऊन फेऱ्या मारणार. गाडीत जागा असली तरी दाराशी उभी. सत्यनारायणाला बोलावलं तर मांडवाच्या कडेने चालत राहणार, भटजींचं लक्ष पोथीतून उडायचं. “बस की गं बाई,” कुणी म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, “बसलं की चावतंय.”

चावत होतं ते खरं होतं. तिला पाणी सोसत नव्हतं. अंघोळ केली, विशेषतः गरम पाण्याने, की थोड्या वेळात सगळ्या अंगाला मुंग्या डसल्यासारखं व्हायचं. पुरळ नाही, गांधी नाहीत, कातडी स्वच्छ. नुसती खाज, आणि ती इतकी की ती ओलेत्या केसांनी घराबाहेर पडायची आणि धरणाच्या भिंतीपर्यंत तरातरा चालत जाऊन यायची, दंड थोपटत. लाँड्रीत बाईचा हात दिवसभर पाण्यात. तिथे ती नारळाची शेंडी कमरेला खोचून ठेवायची, खाजवायला. आधी आम्हाला वाटलं भाताच्या खाचरातल्या पाण्याने झालं असेल, आमच्याकडे लावणीत पाय खातातच. पण लावणी सोडून तिला वर्षं झाली होती.

गावात बोलणं झालं की हिच्या अंगात येतं. आमच्या आळीतली एक जाऊबाई तिला सांगायला गेली, अमुक ठिकाणी बघणारा आहे, अमावास्येला जा. सुमन तेव्हा दंड थोपटत फेऱ्याच मारत होती. ती म्हणाली, “आमच्यात अंगात येत न्हाई, वैनी. आमच्या सासऱ्यांनी समदं छप्पन सालीच सोडलं. ही निस्ती खाज हाय.”

“मग डाक्टरला दाखव की.”

“दाखवलं. त्यो म्हनला साबन बदल.”

साबण बदलला, तेल बदललं, कडुनिंबाचा पाला झाला. चेहरा मात्र लालबुंद. भेटेल तो म्हणायचा, तब्येत सुधारली गं सुमन. डोळेही लाल. त्यावरून सुपरवायझरने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, “बाई, सकाळी सकाळी लावून येता का? डोळे बघा जरा आरशात.”

सुमनने डब्यातली लसणाची चटणी चिमूटभर तोंडात टाकली, चावली, त्याच्या अगदी पुढ्यात गेली आणि म्हणाली, “साहेब, वास घ्या की.” आणि त्याच्या तोंडावर लांबलचक फुंकर घातली. पुढे दोन दिवस तो लाँड्रीत दारातूनच हुकूम सोडायचा.

आजार सापडला तोही तिच्या तऱ्हेने. एप्रिलात जयंतीला वस्तीतल्या पोरांनी कामशेतला रक्तदानाचं शिबिर ठेवलं होतं. रक्त द्यायला बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि तपासणीतून एकेक परत यायला लागली. रक्त कमी. त्यात नवल काही नव्हतं, आमच्या बायकांना डॉक्टर भेटला की हेच सांगतो. सुमनचं बोट टोचलं. तपासणाऱ्या मुलाने पुन्हा टोचलं. मग दुसऱ्याला बोलावून तिसऱ्यांदा.

“मावशी, तुमचं रक्त घेता येणार नाही.”

“कमी हाय?”

“जास्त आहे.”

“जास्त हाय तर घी की बाबा! त्येच्यासाठीच आलेय न्हवं?”

तो मुलगा हसला नाही. त्याने कागदावर काहीतरी लिहून दिलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं, उद्याच. सुमन भयंकर रागावली. येताना टमटममध्ये साऱ्यांना सांगत होती, “वाईच रक्त द्याया गेलते तर मलाच आजारी केलं.”

पुण्याला तिच्याबरोबर मी गेले. तिचा मुलगा राहुल सुदुंबऱ्याच्या बाजूला कारखान्यात, त्याला सुट्टी मिळायची नाही. रक्ताच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करत नसत. त्यांनी सांगितलं की हा रक्ताचा कर्करोगच आहे, मात्र सावकाश चालणारा, वर्षानुवर्षांचा. रक्त हाडांच्या आत तयार होतं. तिथली एखादी पेशी बिघडते आणि गरज नसताना वाढत सुटते. मग रक्त दाट होतं, म्हणून चेहरा लाल. पण नुसती वाढून ती थांबत नाही. ती साऱ्या अंगाला सारखा इशारा देत राहते, जखम झालीय, लढाई आहे, धावा. लढाई कुठेच नसते. तरी अंग पेटून उठतं. खाज, घाम, थकवा, वजन उतरणं हे सगळं त्या आतल्या दाहाचं. आणि वाईट हे की त्या दाहात चांगल्या पेशी दमून जातात, बिघडलेल्या मात्र पोसतात.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण हे मला समजलं. सुमनला माझ्या आधी समजलं. ती म्हणाली, “म्हंजी गल्लीत येक भांडकुदळ बाई ऱ्हायला आली, की समदी गल्ली भांडाया लागती. आन् मग तिलाच बरं वाटतं.”

बाई म्हणाल्या, “अगदी तसंच.”

“मग तिला घालवून द्या.”

“घालवता येत नाही. शांत ठेवता येते.”

काही वर्षं नुसतं रक्त काढून टाकायचे, महिन्या-दोन महिन्यांनी एक पिशवी. ते टाकून देतात हे कळल्यावर सुमनने तिथल्या नर्सशी भांडण काढलं. “आमच्या गावच्या बायका रक्तावाचून पांढऱ्याफटक पडल्यात, आन् तुमी हे मोरीत वतताय?” हे रक्त दुसऱ्याला चालत नाही, असं नर्सने सांगितलं. तिला ते पटलं नाही. आपल्या रक्ताला नावं ठेवली असं तिला वाटलं, आणि तिला तसं का वाटलं हे मला त्या कोनाड्यातल्या कपामुळे समजत होतं. मी गप्प बसले.

मग आजाराने रूप बदललं. ती वाळायला लागली. अंगावरचं पातळ घामाने भिजायचं, अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरायचं. डाव्या बरगडीखालची पाणथरी, डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात, वाढून पोटावर आली होती. हाडं आतून घट्ट होत चालली, म्हणून पाणथरी त्यांचं काम करायला जाते आणि फुगते, असं बाईंनी सांगितलं. तेव्हा ती गोळी सुरू झाली. सकाळी एक, संध्याकाळी एक. आजार जाणार नाही, पण अंगातली आरडाओरड थांबेल, आणि एक लक्षात ठेवा, मनाने बंद करायची नाही. एकदम बंद केली तर दाबलेलं सगळं उसळून येईल.

सुमन म्हणाली, “व्हय व्हय.” मी शेजारी बसले होते. मीही ऐकलं होतं.

गोळीने तिला माणसात आणलं. दोन महिन्यांत खाज थांबली. ती पाटावर बसून सावकाश अंघोळ करते हे तिने मला इतक्यांदा सांगितलं की मी शेवटी म्हटलं, “बरं बाई, मला पण अंघोळ माहीत हाय.” पोट उतरलं. लाँड्रीत चादरी पुन्हा हातातून सुटायला लागल्या.

सुटत होत्या त्या माझ्या हातातून, आणि माझे गुडघे सुजले होते. बोटंही सकाळी मुठीत येत नव्हती. लाँड्रीत बसून काम नसतं. सुपरवायझरने मला दोनदा लंगडताना पाहिलं होतं, आणि नाताळात ज्या बाईला उभं राहता येणार नाही तिने जानेवारीत येऊ नये, असं त्याने सांगितलं होतं. मला ते काम सोडून चालणार नव्हतं. सुनेच्या हाताखाली दिवसभर घरात राहायची माझी तयारी नव्हती, हे त्यातलं खरं कारण.

आमच्याकडे गोळी एकट्याने खायची पद्धत नाही. एकीच्या खोकल्याचं औषध उरलं की ते दुसरीच्या नातवाला जातं. डोळ्याचे थेंब चार घरं फिरतात. “तुला कशानं बरं वाटलं?” असं विचारायचं आणि तेच मागून घ्यायचं. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, उलट नाही दिलं तर वाटतं. सुमन तर असली वस्तू हातात ठेवणारीच नव्हती. तिच्या घरी पापड आले की पहिले वाटून संपायचे.

गाडीतून उतरताना मला पाय टाकता येईना तेव्हा तिने पदराच्या गाठीतून गोळी काढली. “घी. सूजवरची हाय. माजी उतरलीया बग.” आणि माझा हात धरून पोटावर ठेवला.

“तुजी संध्याकाळची न्हवं ही?”

“मला सकाळची येक बास हाय. तुजं काम गेलं तर गाडीत माज्या शेजारी कोन? त्यो सुपरवायझर?”

आजपर्यंत मी सगळ्यांना सांगत आले की तिने आपणहून दिल्या. पहिल्या चार-पाच तिने आपणहून दिल्या. पुढच्या मी मागितल्या. गोळी लागू पडली होती. आठवड्यात मूठ वळायला लागली, पंधरा दिवसांत मी जिना चढले. दोन महिने तिची संध्याकाळची गोळी मी खाल्ली. डिसेंबरात सुट्ट्या लागल्या, काम दुप्पट झालं, तेव्हा मी म्हटलं, “सकाळचीबी देतीस का, एवढं दहा दिवस?” तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “दहाच दिवस हां,” आणि दिली.

त्या दहा दिवसांत तिची खाज परत आली. मी पाहिलं. ती पुन्हा डबा घेऊन फेऱ्या मारायला लागली. मी म्हटलं, “थंडीनं कातडी सुकलीया.” ती म्हणाली, “आसंल.” नवव्या दिवशी तिला ताप होता. दहाव्या दिवशी ती ट्रॉलीवर पडली.

तळेगावला तिला आत घेतलं. ऑक्सिजन लावला, सलाईन, सुया. राहुल कारखान्याच्या कपड्यांतच आला. तिथला डॉक्टर म्हणाला, जंतुसंसर्ग वाटतो, त्याची इंजेक्शनं सुरू केलीत, पण ताप हलत नाही आणि रक्तदाब खाली जातोय. त्याने पुण्याच्या बाईंना फोन लावला. बोलणं झाल्यावर तो परत आला आणि राहुलला विचारलं, “ती गोळी बंद केली होती का? मध्ये एखादा दिवससुद्धा?”

“न्हाई सर. पाकीट वेळंवर संपतं, मी सोता बघतो.” राहुलने मोबाइलमध्ये रिकाम्या पाकिटांचा फोटो दाखवला. तो खरंच बघत होता. पाकीट वेळेवरच संपत होतं.

दार उघडं होतं. सुमन तोंडावरच्या मास्कवरून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, तेवढी ताकद नव्हती. नुसतं एक बोट हलवलं. नाही.

मी बाहेर आले. नळावर पाणी प्यायले. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले. माझे गुडघे त्या दिवशी अजिबात दुखत नव्हते. मी काय विचार करत होते ते मला नीट आठवतं. तिची इज्जत हा विचार त्यात नव्हता. राहुल काय म्हणेल, गावात काय होईल, ओव्हाळांच्या आजारी सुनेच्या तोंडातली गोळी पाटलांच्या सोनाबाईने काढून खाल्ली हे दोन्ही आळ्यांत कसं फिरेल, हा विचार होता. आणि शिवाय, कदाचित इंजेक्शनने उतरेल ताप, असाही. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास गेला. ती तिथे श्वास ओढत होती आणि मी अर्धा तास फाटकापर्यंत फेऱ्या घातल्या.

मग आत जाऊन डॉक्टरसमोर उभी राहिले. “ती गोळ्या खात न्हवती. मी खात होते.”

“काय?”

“दहा दिवस समद्या. त्येच्या आदी दोन महिने संध्याकाळची.”

 फोन कानाला लावतच डॉक्टर आत पळाला. राहुल मात्र तिथेच उभा होता. तो माझ्यासमोर लहानाचा मोठा झालेला, माझ्या ओट्याखाली गोट्या खेळलेला. तो म्हणाला, “मावशी, तुमी घरी जावा.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी गेले नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिले. ती गोळी पुन्हा सुरू केली, सोबत दाह दाबायची दुसरी जोरदार औषधं. दुसऱ्या दिवशी ताप तुटला. पाचव्या दिवशी तिला साध्या वॉर्डात आणलं. माझंही रक्त तपासलं. ते बरंच कमी झालं होतं, त्या गोळीने तसं होतं म्हणे. पुण्याच्या बाई तिला बघायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, “आजी, तुमचा संधिवात वेगळा, तिचा आजार वेगळा. पण आतला जाळ एकाच जातीचा, म्हणून लागू पडली. तुम्हाला तुमच्या दुखण्याचं औषध मिळेल. विचारायचं होतं.” मी म्हटलं, “व्हय.” 

मी वॉर्डात गेले तेव्हा सुमन भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“सांगितलंस.”

“व्हय.”

“पोराफुडं माजी लाज काढलीस. आता त्यो मला कुलपात ठेवील.”

“मेली आसतीस.”

“ते मला ठाव न्हवतं व्हय?” ती वळली. बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होती. “गुडघं तरी बरं झालं का?”

“झालं हुतं.”

“मग वाया न्हाई गेल्या,” ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

यावर मी रडले असेन असं वाचणाऱ्याला वाटेल. मी रडले नाही. मला तिचा राग आला. इतकं देऊन टाकणाऱ्या माणसाचा रागच येतो, कारण आपण किती घेतलं ते त्याच्यासमोर लपत नाही.

राहुलने खरंच कुलूप केलं. गोळी तो स्वतः तिच्या जिभेवर ठेवायचा, पाणी द्यायचा आणि तोंड उघडून दाखवायला लावायचा. ती आ करून दाखवायची, आणि तो वळला की त्याच्या पाठीला जीभ दाखवायची. माझ्याशी तो सहा महिने बोलला नाही. मग एकदा भर पावसात टमटम बंद होती तेव्हा मोटरसायकल थांबवून म्हणाला, “बसा मावशी.” गावात मला वाटलं होतं तितकं काही फिरलं नाही. बायकांनी उलट सुमनलाच नावं ठेवली, एवढी महत्त्वाची गोळी कुणी देतं का म्हणून. मी ते ऐकलं आणि पुन्हा एकदा गप्प बसले, आणि मग एक दिवस गप्प बसवलं नाही. आमच्या घरी सुनेने केलेल्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत मी उभी राहून सांगितलं की तिने दिल्या नाहीत, मी मागितल्या.  एकीने तिळगुळाची वाटी पुढे केली.

माझे गुडघे आठवड्याभरात पुन्हा भोपळ्यासारखे झाले आणि जानेवारीत माझं काम गेलं. सुमनचं राहिलं, दोन वर्षं. संध्याकाळी गाडीतून उतरली की ती घरी जायच्या आधी माझ्या ओट्यापाशी यायची आणि लाँड्रीतल्या नव्या बायकांना नावं ठेवायची. बाहेरच उभी. मी आत ये म्हणायचं सोडून दिलं आणि स्वतःच खाली पायरीवर जाऊन बसायला लागले.

मग गोळी पुरेना. हाडं आतून इतकी घट्ट झाली की रक्तच तयार होईना, आणि जिचं रक्त मोरीत ओतत होते तिला बाटल्या लावायची वेळ आली. “आदी काडत हुते, आता भरत्यात,” ती म्हणायची. “ह्यांचंच काय खरं न्हाई.” लालबुंद चेहरा कागदासारखा झाला. तोपर्यंत मला संधिवाताचं माझं औषध मिळालं होतं, मी काठीने चालू लागले होते.

मी तिला शेवटचं पाहिलं ते कामशेत स्टेशनवर, फेब्रुवारीत, सकाळच्या उन्हात. पुण्याला भरती व्हायला निघाली होती. राहुल तिकीट काढायला गेला होता. मी बाकावर बसले आणि ती समोर फेऱ्या मारत होती, स्वेटरच्या बाह्या ओढत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चार पावलांत धाप लागायची. थांबायची, खांबाला पाठ घासायची, पुन्हा निघायची. फलाटावर एक मुलगी मोबाइल बघत फरशीवर पाय पसरून बसली होती. सुमन तिसऱ्या फेरीला तिच्यापाशी थांबली आणि म्हणाली, “पाय घी गं, मानसं चालत्यात.” मुलीने वर बघितलं आणि पाय घेतले.

गाडी आली. राहुलने तिला दंडाला धरून चढवलं. डब्यात गर्दी नव्हती, खिडकीपाशी जागा होती. राहुल आतून बोलावत होता. ती दारातच उभी राहिली, वरची कडी धरून, आणि गाडी हलली तेव्हा माझ्याकडे नाही, फलाटाच्या पलीकडे भाताच्या मोकळ्या खाचरांकडे बघत होती.

त्या नाताळात सुमन वाचली. चार वर्षांनी, त्या फेब्रुवारीत, वाचली नाही. मी अजून आहे.